अमेरिकेतलं कमिशन आणि आपली दोन ऑक्टोबरची ग्रामसभा

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आला, तुझा आतेभाऊ अमेरिकेत राह्यतो तिथल्या नगरपालिकेचं डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन (म्हणजे विविधता, न्याय्य वागणूक आणि सगळ्यांना सामावून घेणं) असं लांबलचक नावाचं एक कमिशन आहे, तो त्यात मेंबर झाला, आणि तू विचारून राह्यला की आपल्या गावात असं काही करता येईल का, का हे सगळं मोठ्या शहराचं कौतुक. त्याच्याखाली एकानं लिहिलं की आधी नाल्या काढा मंग इन्क्लुजन करा. त्याचंही उत्तर याच्यातच आहे, कारण नाली पहिले कोणाच्या घरासमोर निघते हाच तं सगळा विषय आहे बाप्पा.

मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. चहा घेऊन बस.

पहिले ते कमिशन म्हणजे काय ते. आपल्याकडं कमिशन म्हटलं की ठेकेदाराचे टक्के आठवतात, तसं ते नाही. तिकडं महापौर आणि कौन्सिल गावातल्याच दहा-पंधरा लोकांना नेमते, बहुतेक ठिकाणी फुकट काम, महिन्यातून एक मीटिंग, ती सगळ्यांना खुली, कोणीही उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकते. बोललेलं लिहून घेतात, कौन्सिलला शिफारस पाठवतात, वर्षाचा अहवाल देतात. फार ताकद नसते. बऱ्याच ठिकाणी पैसे खर्चायचा अधिकारही नाही, नुसतं ऐकायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं.

हे फॅड म्हणून नाही आलं हे पण सांगतो. १९४३ मध्ये डेट्रॉईटला काळ्या-गोऱ्यांची मोठी दंगल झाली, त्याच वर्षी शिकागोच्या महापौरानं अशी एक कमिटी बसवली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कनं बसवली, मंग हळूहळू बाकीच्या शहरात. म्हणजे आपल्या तंटामुक्त समितीसारखंच, आधी भांडण आणि मंग समिती. सिएटल नावाच्या शहरानं २००४ च्या सुमाराला त्याच्याही पुढं जाऊन एक सवय लावून घेतली, की कोणताही खर्च किंवा नियम करायच्या आधी स्वतःलाच विचारायचं, याचा फायदा कोणाला होते आणि ओझं कोणावर पडते. त्याच सिएटलनं २१ फेब्रुवारी २०२३ ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि तो प्रस्ताव आणणारी नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेली. घे आता. आपली जात विमानात बसून तिकडं गेली आणि तिकडच्या कौन्सिलला कायदा करा लागला. २०२५ च्या जानेवारीत तिकडच्या केंद्र सरकारनं या सगळ्याच्या विरोधात आदेश काढले, तेव्हापासून काही ठिकाणी अशा कमिट्यांची नावं बदलून राह्यले. तुझ्या भावाला विचार, त्याच्याकडं पाटी तीच आहे का.

आता आपलं. नवीन समिती काढू नको, हात जोडतो. गावातल्या समित्या मोजायला बसलो तं हातापायाची बोटं पुरत नाहीत, आणि सगळ्यांच्या याद्यांत तेच सात-आठ लोक, एकाच माणसाची सही पाण्याच्या समितीवर बी आणि शाळेच्या समितीवर बी. तुझी ग्रामसभा हेच तुझं कमिशन आहे, आणि त्या अमेरिकेतल्या कमिशनपेक्षा तिला अधिकार जास्त आहेत. वर्षाला चार सभा, प्रत्येक सभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा, सात दिवस आधी नोटीस, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कागदावर हे सगळं आहे. पण येते कोण?

हे मी फार उशिरा विचारलं, नोकरीची वीस वर्षं झाल्यावर. तेव्हा माझ्याकडं जे गाव होतं त्याचे चार तुकडे होते. मधात गावठाण, खालच्या अंगाला बौद्धपुरा, ओढ्यापलीकडं पारध्यांचा बेडा म्हणजे वस्ती, आणि अडीच किलोमीटरवर कोलाम आदिवासींचा पोड, ती पण वस्तीच. सभा मारोतीच्या पारावर. लोक येत, सह्या होत, मी प्रोसिडिंग म्हणजे सभेचा वृत्तांत लिहून मोकळा. एका वर्षी सहज म्हणून हजेरीच्या रजिस्टरमध्ये एक खाना वाढवला, नाव, सही आणि वस्ती. वर्षभराच्या चार सभा झाल्यावर बेरीज केली तं पोडावरची सही फक्त एक, आणि तो पण माणूस दाखला घ्यायला आला होता, सापडला म्हणून सही घेतली. बेड्यावरची शून्य. बौद्धपुऱ्यातली माणसं होती पण बाया जवळजवळ नाहीतच. गावठाणातल्या बाया होत्या त्या महिला सदस्यांच्या घरच्या.

मंग काहून येत नाहीत हे विचारायला गेलो. मला वाटलं होतं लोक म्हणतील आम्हाला इंटरेस्ट नाही, तुम्ही साहेब लोक ऐकत नाही वगैरे. उत्तरं एकदम साधी निघाली. बौद्धपुऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, पारावर आम्ही बसत नाही, उभं राहून किती वेळ ऐकायचं. बस एवढंच. कोणी तिला बसू नको म्हटलं नव्हतं, माझ्या देखत तरी नाही, पण तिच्या सासूपासून त्या घरातली कोणी बाई त्या पारावर बसली नव्हती. दुसऱ्या बायांनी सांगितलं की भाऊ तुमच्या सभेच्या तारखा पाहा. आणि खरंच पाह्यल्या तं डोक्याला हात लावला. दोन ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी, पंधरा ऑगस्टच्या आसपास निंदण, सव्वीस जानेवारीला कापसाची वेचणी चालू, आणि एक मे ला सकाळी अकरा वाजता आपल्याकडचं ऊन तुला सांगायला पायजे का. रोजानं जाणाऱ्या बाईनं सभेला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडायची. सभा ठेवणारे आम्ही सगळे पगारवाले नाही तं शेतवाले, आमच्या ध्यानातच नाही आलं कधी.

नोटिशीचं पण तसंच. आधी कोतवाल दवंडी द्यायचा, ती निदान पूर्ण गावात ऐकू जायची. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की झालं. त्या ग्रुपवर कोण आहे ते एकदा पाह्य आणि कोण नाही ते दोनदा पाह्य.

मंग केलं काय, तं फार काही नाही. सभा पारावरून झेडपीच्या शाळेत नेली, वेळ दुपारची काढून संध्याकाळी सात केली. सरपंच बाई होत्या, त्यांचे मिस्टर तयार नव्हते (कारभार कोण पाह्यत होतं ते समजून घे), त्यांचं म्हणणं परंपरा मोडते. मी म्हटलं पारावर पंखा नाही, शाळेत आहे. पंख्यावर मान्य झालं! प्रत्येक गोष्ट तत्त्वावर लढायची गरज नसते, काही पंख्यावर पण सुटतात.

आणि पुढच्या वर्षी सभेच्या आधी एक बैठक पोडावर जाऊन घेतली. तिथं म्हातारे लोक आपसात कोलामीत बोलतात, मराठी समजते पण सभेत बोलायची म्हटलं की तोंड उघडत नाही. तिथली अंगणवाडीची मदतनीस दोन्हीकडचं बोलायची, तिला मधात बसवलं. एका म्हाताऱ्यानं हात करून दाखवलं, तुमच्या गावाच्या नळाची पाइपलाइन आमच्या पोडाला चिकटून जाते आणि आमच्या बाया पाण्यासाठी ओढ्यात झिरे म्हणजे खड्डे खोदतात. मी त्या रस्त्यानं सहा वर्षं गाडी नेली भाऊ, त्या पाइपवरून. सहा वर्षांच्या प्रोसिडिंगमध्ये त्याचा एक शब्द नाही, कारण बोलणारा कधी सभेत नव्हताच. त्या पाइपला टी-जोड लावायला आणि एक स्टॅण्डपोस्ट (सार्वजनिक नळ) उभारायला खर्च किती असेल, ग्रामपंचायतीच्या रंगरंगोटीपेक्षा कमी लागला. ही जी सिएटलवाली दोन वाक्यं वर लिहिली ना, फायदा कोणाला आणि ओझं कोणाला, ती मला त्या पाइपवर समजली, सिएटल तं नंतर वाचलं.

आता पैशाचं, कारण हे सदस्याला माहीत असलंच पायजे आणि नव्वद टक्के सदस्य विचारत नाहीत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, दिव्यांगांचे आधी ३ टक्के होते. समज तुझ्या गावाची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून ४ लाख वसूल झाली, तं ६० हजार, ४० हजार आणि २० हजार. मोठी रक्कम नाही. पण कुठं जाते पाह्य. १५ टक्क्यातून समाजमंदिराला दर दोन वर्षांनी तोच रंग आणि त्याच सतरंज्या. महिलांच्या दहा टक्क्यातून एक दिवसाचं शिबिर, बॅनर, नाश्ता. दिव्यांगांचे पैसे तं मी स्वतः दोन वर्षं शिल्लक ठेवले होते, लाभार्थीच नाही म्हणून. नंतर घरोघर फिरलो तं गावात नऊ जण निघाले, त्यातल्या सहा जणांकडं दाखलाच नव्हता, कारण तपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात आणि तिथं न्यायला कोणी नाही. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारची दिव्यांगता मानली, आमच्या डोक्यात मात्र लंगडा आणि आंधळा एवढंच. एक पोरगी कमी ऐकायची, गाव तिला येडी म्हणायचं.

आणखी एक गट आपल्या विदर्भातच जास्त ध्यानात घ्यावा लागते, ज्या बायकांचे नवरे गेले त्या. आत्महत्येची १ लाखाची मदत मिळाली का नाही, पात्र-अपात्र, एवढंच सगळे विचारतात. घराच्या नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवर) तिचं नाव चढलं का, सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का, का दिरानंच परस्पर केलं, हे विचारत नाहीत. हे तुझ्या ग्रामपंचायतीचं आणि तलाठ्याचं काम आहे, याला मुंबईला जायची गरज नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामसभेनं ठराव घेतला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद, आणि मंग सरकारनं त्यावरून राज्यभर परिपत्रक काढलं. गाव पुढं आणि सरकार मागं, असं क्वचित होते पण होते. आमच्या तालुक्यात पण काही गावांनी तोच ठराव कॉपी करून घेतला. ठराव घेतलेल्या एका गावात संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं त्या बायांना आलं का म्हणून चौकशी केली तं सगळे एकमेकांकडं पाहून राह्यले.

वस्त्यांच्या नावाचं पण सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं ठरवलं की जातीची नावं असलेल्या वस्त्या आणि रस्त्यांची नावं बदलायची, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी. चांगलं केलं. पण हे ज्यांची वस्ती त्यांना विचारून कर. एका गावात गावठाणातल्या लोकांनीच बसून नाव ठरवलं आणि कमान लावली, वस्तीतल्या पोरांना उद्घाटनाच्या दिवशी समजलं, आणि झाला तमाशा. नाव बदललं तरी ग्रामपंचायतीच्या डिमांड बिलावर जुनंच छापून येत राह्यलं तो वेगळा किस्सा, कॉम्प्युटरवाल्याला कोणी सांगितलंच नाही.

स्मशानाबद्दल मी तुला सल्ला देणार नाही कारण मला जमलं नाही. गाव एक आणि जळायच्या जागा तीन, शेड मात्र एकाच जागेवर. दोन वेळा सभेत विषय घेतला, दोन्ही वेळा सभा तहकूब. पावसाळ्यात बेड्यावरची एक मयत ताडपत्री धरून जाळली, मी होतो तिथं. तुझ्याच्यानं झालं तं मला नक्की कळव.

विरोध होईलच, पण तो भाषणातून नाही येणार. कोणी कोणाचं पीठ दळून देणार नाही, रोजाला बोलावणार नाही, असं सुरू होते. तसं दिसलं तं २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. हे ग्रामसभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखव, कोणाचं नाव घेऊ नको. आमच्याकडं नुसतं वाचल्यानंच एक चक्की चालू झाली होती.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण लोक तुला देतील, तिथं सगळे एकमत होईपर्यंत बसतात, बहुमत नाही. मोठं काम आहे त्यांचं. पण ते गाव एकाच समाजाचं, आपलं चार तुकड्यांचं, म्हणून त्यांच्याशी तुलना करून निराश होऊ नको.

तं दोन ऑक्टोबरच्या सभेसाठी एवढं कर. नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, २०२४ पासून) लेखी अर्ज दे की सभा संध्याकाळी ठेवा आणि पाच, दहा, पंधरा टक्क्यांचा गेल्या तीन वर्षांचा खर्च सभेत वाचा. अर्जाची पोच घे, तोंडी सांगून काही होत नाही. हजेरी रजिस्टरमध्ये वस्तीचा खाना टाकायला लाव. महिला सभा खरंच होते का ते आधी तुझ्या आईला विचार, कागदावर तं माझ्या प्रत्येक गावात झाली होती. आणि सभा झाल्यावर प्रोसिडिंग तिथल्या तिथं वाचून घेऊनच सही करजो, खाली जागा कोरी सोडली असेल तं तिच्यावर आडवी रेघ मारजो. मी ३१ वर्षं लिहिलं ते बुक, त्या कोऱ्या जागेत मागून काय काय बसते ते मला चांगलं माहीत आहे.