ड्रम कोअरमध्ये नव्याने येणाऱ्यास

ड्रम कोअर म्हणजे ड्रम आणि पितळी वाद्ये चालत वाजवणारे पथक; त्यातल्या जुन्या वादकांच्या गप्पांना वेळेचा अपव्यय समजू नका. १९७२ पासून अजिंक्यपद स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेच्या स्पर्धांत वयाची मर्यादा विशीच्या सुरुवातीलाच आडवी येते, त्यामुळे एकेकाळी रोज दहा-बारा तास उन्हात सराव केलेल्या माणसांजवळ पुढे आठवणी आणि सोबती एवढेच उरते. ब्यूगल, म्हणजे तुतारीसारखे पितळी वाद्य, वाजवणारे भेटले तर २००० पूर्वीच्या, ‘जी’ या पाश्चात्य स्वरात जुळवलेल्या वाद्यांविषयी अवश्य विचारा. मात्र जुना नाद सरस की नवा, या वादात पडू नका. मी दोनदा पडलो आहे, दोन्ही वेळा जेवण थंड झाले.

दौऱ्यात रात्रीच्या बसमध्ये शेजारी कोण झोपले, शाळेच्या व्यायामशाळेतल्या फरशीवर कोणी आपली जास्तीची चादर दिली, हे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा, कारण स्पर्धेतले गुण विसरले जात नाहीत, पण नावे विसरली जातात. माझ्या शेजारच्या स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) वाजवणाऱ्याने अखेरच्या प्रयोगानंतर पांढरी पट्टी गुंडाळलेली, टोक झिजलेली ड्रमची काडी माझ्या हाती ठेवली आणि काही न बोलता तो बसकडे वळला. आता भेटलो की तो प्रथम त्या काडीचीच चौकशी करतो.