ओळखीचेच इंग्रजी शब्द घात करतात : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेली बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतेय आणि त्यातली बरीच वर्षं कागदपत्रांची भाषांतरंही करतेय. प्रश्न फिरून फिरून एकाच जातीचे येतात म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देते. अनोळखी शब्द दिसला की माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो, पण ओळखीचा शब्द दिसला की "हे तर मला येतं" म्हणून पुढे जातो, आणि नेमका तिथेच त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो.

प्रश्न : 'प्रीपोन' हा शब्द चूक आहे असं आमचे सर म्हणतात. खरं का? (सांगली)

प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द भारतात बरोबर आहे, मोठ्या डिक्शनऱ्यांमध्येही आहे. परदेशी माणसाशी बोलताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह अप' म्हणा.

प्रश्न : गोल्फ म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' आणि न्यूज म्हणजे 'नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ', हे मुलांना शिकवलं तर चालेल का? (शिक्षिका, बीड)

नाही. दोन्ही खोटं आहे. न्यूज हा शब्द 'न्यू' वरून आलाय, म्हणजे नवीन गोष्टी, इतकं साधं आहे ते, आणि गोल्फ हा स्कॉटलंडमधला जुना शब्द आहे. फॉरवर्डमध्ये आलेलं वर्गात सांगण्याआधी डिक्शनरीत शब्दाची व्युत्पत्ती बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बाई वर्गात जे सांगतात ते मूल जन्मभर खरं मानतं, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

प्रश्न : मुलगा पुण्यात आयटीत आहे. अमेरिकन क्लायंटला त्याने मेल केली की 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन', तर त्यांच्याकडून जरा तिखट उत्तर आलं. यात चुकलं काय? (चिंचवड)

त्याचं व्याकरण अगदी बरोबर आहे, गोंधळ आपल्या 'शंका' या शब्दाने केलाय. मराठीत शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. वर्गात "कुणाला काही शंका?" असं विचारलं की कुणाला राग येत नाही, आणि आपण तीच शंका उचलून इंग्रजीत 'डाउट' म्हणून ठेवली. भारतभर ते चालतं, पण तिकडे डाउट म्हणजे फक्त संशय, म्हणजे "तुमचं डिझाइन चालेल यावर माझा विश्वास नाही" असं त्यांनी वाचलं. तिथे 'क्वेश्चन' लिहायचं.

अशीच अजून दोन सांगून ठेवते कारण त्याच्याही मेलमध्ये असणार. 'आय पास्ड आउट इन २०१९' हे आपल्याकडे कॉलेज संपलं या अर्थाने चालतं, ब्रिटिशांच्या लष्करी 'पासिंग आउट परेड' मध्येही तोच अर्थ आहे, पण रोजच्या बोलण्यात तिकडे पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं, म्हणून 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. आणि 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे 'कळवतो', तर तिकडचा माणूस 'पूर्वीच्या अवस्थेत परत जाणं' असा अर्थ धरतो, सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे नक्कीच जपावं कारण त्यांच्यात बदल रिव्हर्ट करणं म्हणजे केलेलं काम मागे घेणं. पहिल्या महत्त्वाच्या मेल टीममधल्या अनुभवी माणसाला दाखवून पाठवायला सांगा.

प्रश्न : 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा?

दोन्ही. म्हणूनच वापरू नका, सरळ वार आणि तारीख लिहा. समोरच्याने वापरलाच तर विचारून घ्या.

प्रश्न : आईच्या सोनोग्राफीत 'गॉलब्लॅडर अनरिमार्केबल' असं लिहिलंय, आणि खाली 'इम्प्रेशन' मध्ये 'क्रॉनिक' असा एक शब्द आहे. घरात सगळे घाबरलेत. नेटवर शोधून अजूनच गोंधळ झाला. डॉक्टरांची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे. (रत्नागिरी)

आधी घाबरणं थांबवा. गॉलब्लॅडर म्हणजे पित्ताशय, आणि रेडिऑलॉजिस्ट 'अनरिमार्केबल' लिहितो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की नोंद घ्यावी असं वावगं काही दिसलं नाही. रोजच्या इंग्रजीत हा शब्द नाटकाला किंवा पुस्तकाला लावला तर 'सामान्य, काही खास नाही' असा जरा नाराजीचा अर्थ होतो, रिपोर्टमध्ये तीच चांगली बातमी असते. 'इम्प्रेशन' म्हणजे छाप नाही, तपासणीचा निष्कर्ष. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नाही, फार दिवसांपासून असलेलं, आणि 'अक्यूट' म्हणजे नव्याने, अचानक सुरू झालेलं. या दोन्ही शब्दांत काळ सांगितलाय, आजार किती गंभीर आहे ते त्यातून कळत नाही. 'पॉझिटिव्ह' बद्दल तर कोविडनंतर सांगायला नको, जे शोधत होते ते सापडलं एवढाच त्याचा अर्थ. आणि केसपेपरवर 'पेशंट कम्प्लेन्स ऑफ' असं लिहिलेलं असतं त्यात आईने कुणाची तक्रार केलेली नाही, तिला होणारा त्रास लिहिलाय.

पण ताई, शब्दाचा अर्थ कळला म्हणजे रिपोर्ट कळला असं होत नाही. बऱ्याच रिपोर्टच्या तळाशी 'कोरिलेट क्लिनिकली' असं लिहितात, त्याचा अर्थच हा की पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरने हे लक्षणांशी जुळवून बघावं. ते जुळवणं मी करू शकत नाही, नेट तर नाहीच नाही. दहा दिवस थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करून सांगा की रिपोर्ट आलाय, लवकर बघाल का. आणि दुखत असेल, ताप असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आईला घेऊन जा.

प्रश्न : बाइकसाठी लोन घेतोय. बँक १२ टक्के म्हणते, शोरूममधला एजंट 'फ्लॅट १० टक्के' म्हणतो. मग एजंटचंच स्वस्त ना? (नाशिक)

नाही, महाग आहे, आणि हा 'फ्लॅट' शब्द मुद्दाम वापरला जातो याचा मला फार राग आहे. फ्लॅट म्हणजे सदनिका, सेलमध्ये 'फ्लॅट ५० टक्के' म्हणजे सगळ्या मालावर सरसकट सूट, त्यामुळे हा शब्द कानाला चांगलाच वाटतो. कर्जात फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. १ लाख, ३ वर्षं, फ्लॅट १० टक्के म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता साधारण ३,६११. बँकेचे १२ टक्के 'रिड्युसिंग' म्हणजे उरलेल्या रकमेवर असतील तर हप्ता ३,३२१ च्या आसपास आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजार. एजंटचे १० टक्के बँकेच्या भाषेत मोजले तर जवळजवळ १८ टक्के होतात!

'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र लिहिलेला कागद, मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जांना ते द्यायलाच हवं, आणि तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यातला 'एपीआर' चा, म्हणजे व्याज आणि शुल्क धरून वर्षाला पडणाऱ्या एकूण दराचा, आकडा दोन्हीकडचा शेजारी शेजारी ठेवा आणि सही करण्याआधी बँकेतल्या माणसासमोर बसून एकदा वाचून घ्या.

प्रश्न : वडील गेल्यावर शेतावर वारस नोंद करायची आहे. भावाने इंग्रजीत टाइप केलेला कागद सहीसाठी पाठवलाय, म्हणतो फॉर्मॅलिटी आहे. त्यात 'रिलीज', 'विदाउट कन्सिडरेशन', 'इंटरेस्ट' आणि 'एक्झिक्यूट' हे शब्द आहेत. मी असा अर्थ लावला की विचार न करता व्याज सोडायचं. रविवारी सही करायला बोलावलंय. (सातारा जिल्हा, सध्या मुंबई)

ताई, रविवारी सही करू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर वाचा.

आता एकेक शब्द घेऊ. 'रिलीज' म्हणजे सिनेमा रिलीज होतो ते नव्हे. जमिनीच्या कागदात 'रिलीज डीड' म्हणजे हक्कसोडपत्र. 'कन्सिडरेशन' म्हणजे एरवी विचार, पण १८७२ च्या करार कायद्यापासून आपल्याकडे कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ मोबदला, म्हणजे 'विदाउट कन्सिडरेशन' म्हणजे एक पैसाही न घेता. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, बँकेत व्याज, आणि इथे हितसंबंध, मालमत्तेतला तुमचा वाटा. जुन्या मराठी दस्तात 'हक्क, अधिकार व हितसंबंध' असं वाचलं असेल, त्यातलाच हा हितसंबंध. आणि 'एक्झिक्यूट' म्हणजे फाशी देणं नाही आणि काम पार पाडणंही नाही, सही करून दस्त करून देणं, म्हणजे त्या कागदात 'लिहून देणार' तुम्ही आहात. चारही शब्द जोडून वाचा: वडिलांच्या शेतातला माझा वाटा मी काहीही न घेता सोडून देते.

हा निर्णय तुम्हाला खरोखर घ्यायचा असेल तर घ्या, भावाबहिणींमध्ये असं प्रेमाने होतंही, त्यात मी पडणार नाही. पण वारस नोंदीसाठी हक्कसोडपत्र लागत नाही, वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात, तुमचंही. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जातात तिथे माझा जीव खालीवर होतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. एवढा झगडून मिळालेला हक्क आपण एका इंग्रजी शब्दाचा शाळेतला अर्थ धरून सोडून द्यायचा का?

माझ्याकडे एक बाई असाच कागद घेऊन आल्या होत्या, अर्थ विचारायला, सही करून सहा वर्षं झाल्यावर. दहावीला इंग्रजीत पंच्याहत्तर मार्क होते त्यांना. त्या म्हणाल्या, एकही शब्द अवघड नव्हता म्हणून मी विचारलंच नाही. मी भाषांतर करून दिलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. नोंदणी झालेला दस्त रद्द करायचा तर दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि त्याला मुदत असते, साधारण ३ वर्षांची, ती कधीपासून मोजायची हे वकीलच सांगू शकतो. सहीनंतर भाषांतर करून घेण्याचा उपयोग फार थोडा असतो, आधी करा.

तेव्हा उद्याच त्या कागदाचे स्वच्छ फोटो काढा आणि तुमच्या ओळखीचा, म्हणजे भावाने सुचवलेला नाही, असा वकील गाठा. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे महिलांना मोफत सल्ला मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. भावाला फोन करून भांडू नका, एवढंच म्हणा, "दादा, मला मराठीत करून दे, वाचून सांगते." त्याच्या मनात काही नसेल तर तो आनंदाने करून देईल.

प्रश्न : भारतीय पेपरात 'बिल टेबल्ड' म्हणजे विधेयक मांडलं, आणि अमेरिकन बातमीत तेच बाजूला ठेवलं असं दिसतं. परीक्षेत काय लिहू? (स्पर्धा परीक्षा, लातूर)

भारतीय परीक्षेत मांडलं, पटलावर ठेवलं. आपण ब्रिटिश वापर घेतलाय, अमेरिकेत अर्थ उलटा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा या एका शब्दावरून लांबलचक वाद झाला होता, चर्चिलनी तो लिहून ठेवलाय, आणि दोघांनाही हवं होतं तेच, ताबडतोब चर्चा. जुनी पुस्तकं वाचताना 'बिलियन' कडेही लक्ष ठेव, आज तो १०० कोटी आहे पण ब्रिटिश सरकारी आकड्यांत १९७४ पर्यंत तो एक लाख कोटी होता. शंका आली तर उतारा कुठल्या देशातला आणि कुठल्या सालचा ते आधी बघ, तरीही अडलं तर उताऱ्यासकट पाठव, सुटा शब्द पाठवू नकोस.