टाकी काठोकाठ भरली की जनरेटरवर 'लो फ्युएल' येतं आणि तासाभरानं आपोआप जातं. पॅनल बदलावं का?

नाही. पॅनल विकत घेऊ नका आणि वॉर्निंगची वायर तर अजिबात काढू नका.

तुम्ही लिहिलंय की २५ केव्हीएचा ट्रॉलीवरचा जुना सेट आहे, घोडबंदर रोडच्या लॉनवर लग्नांना देता, आणि दीड महिन्यापूर्वी टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता सेन्सर) बदलल्यापासून हा त्रास सुरू झाला. मेकॅनिक म्हणतो पॅनल गेलंय. मी रबाळे एमआयडीसीतून सेट आणि पाणी उपसायचे पंप भाड्यानं देतो, आणि तुमचं वर्णन वाचल्यावर पहिला संशय येतो तो नव्या फ्लोटवर. तो बिघडलेला नसेल, पण तुमच्या पॅनलच्या उलट्या मोजणीचा असेल.

फ्लोट वर-खाली झाला की त्याच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स बदलतो. पॅनलला डिझेल दिसत नाही, त्याला फक्त ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचं माप, कळतात, आणि त्यावरून ते टक्के दाखवतं. बाजारात दोन चालीचे फ्लोट सर्रास मिळतात. एकात टाकी रिकामी असताना १० ओहमच्या आसपास आणि भरल्यावर १८० ओहम. दुसऱ्यात रिकामी असताना २४० आणि भरल्यावर ३३. दिसायला दोन्ही सारखेच, तीच नळी, तेच पाच बोल्टचं झाकण. दुकानदारानं समोर ठेवला तो बसवला, तर कळायला मार्ग नाही.

आता तुमचं पॅनल पहिल्या चालीचं आणि फ्लोट दुसऱ्या चालीचा आहे असं धरा. टाकी फुल केली, फ्लोटनं ३३ ओहम दिले. पॅनलच्या हिशेबात १० म्हणजे शून्य आणि १८० म्हणजे शंभर, त्यामुळे ३३ म्हणजे साधारण १३ टक्के. वॉर्निंग २० टक्क्यांवर आणि बंद करण्याचा आकडा १० वर ठेवलेला असेल, तर अलार्म वाजेल पण सेट बंद होणार नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. तासाभरात तीनेक लिटर डिझेल जळलं, फ्लोट थोडा खाली आला, ओहम वाढले, पॅनलला वाटलं टाकी भरतेय, आणि अलार्म गेला.

तो अलार्म जातो याचीच मला जास्त काळजी वाटते. कारण टाकी खरोखर रिकामी होईल तेव्हा फ्लोट २४० ओहम देईल आणि पॅनल शंभर टक्के दाखवत राहील. ऐन वरातीत सेट बंद पडेल आणि त्याआधी एकदाही काही वाजणार नाही.

खात्री करायला मल्टीमीटर आणि शंभर ओहमचा एक रेझिस्टर लागतो. रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. आधी सेट बंद करा, ऑटोवर असेल तर ऑटो काढा आणि बॅटरीची मायनस सोडा. ऑटोवरचा सेट लाइट गेली की स्वतःहून चालू होतो, आणि तेव्हा तुमचा हात फॅन बेल्टपाशी असू शकतो. मग फ्लोटच्या वायरी सुट्या करून थेट फ्लोटवर ओहम बघा. टाकी भरलेली असताना तीस-चाळीस आले आणि डिझेल कमी झाल्यावर आकडा वाढला, तर फ्लोट उलट्या चालीचा आहे हे नक्की. त्यानंतर पॅनलकडे जाणाऱ्या वायरींना तो शंभर ओहमचा रेझिस्टर लावा, इंजिन सुरू न करता पॅनलला सप्लाय द्या. निम्म्याच्या थोडं वर, पन्नास-पंचावन्न टक्के दिसले, तर तुमचं पॅनल आणि वायरिंग दोन्ही ठणठणीत आहेत.

पॅनलमधल्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये सेटिंगच्या मेनूत फ्युएल सेन्सरची चाल बदलता येते. पासवर्ड लागतो, तो सर्व्हिसवाल्याकडे असतो. तसं होत असेल तर एक रुपयाचंही सामान लागणार नाही. नसेल तर योग्य चालीचा फ्लोट घ्या, आणि घेताना टाकीची खोली मोजून न्या. नळी खोलीपेक्षा इंचभर कमी असावी. फारच आखूड असली तर फ्लोट लवकर नळीच्या तळाला टेकतो आणि टाकीत डिझेल असतानाही रिकामी दाखवतो.

वायर काढू नका असं मी इतक्या ठामपणे का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कळव्यातल्या एका सोसायटीला आमचा सेट दिला होता, त्यांचा ट्रान्सफॉर्मर गेला होता. आधीच्या ठिकाणी अलार्म सारखा वाजतो म्हणून आमच्याच माणसानं ती वायर कापून टेप मारून ठेवली होती आणि मला सांगितलं नव्हतं. रात्री डिझेल संपलं. लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या. डिझेल लगेच ओतलं, पण लाइनीत एअर शिरली होती, ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. फिल्टरचा एअर काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करायचा, हँड प्रायमर म्हणजे डिझेलचा हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. टॉर्चच्या उजेडात, पावसात, पाऊण तास गेला. आजींना वॉचमननं त्याआधीच हातानं लिफ्ट खाली घेऊन सुखरूप बाहेर काढलं होतं, पण त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. शिवाय टाकी तळापर्यंत गेली की तळातला गाळ आणि पाणी फिल्टरमध्ये ओढलं जातं, ते दुखणं पुढे महिनाभर पुरतं.

मोजमाप बरोबर आलं आणि तरी अलार्म येत राहिला, तर वायरिंग तपासा. १० ते १८० च्या चालीत फ्लोटची वायर घासून बॉडीला टेकली की पॅनलला शून्य दिसतं. ट्रॉलीवरच्या सेटला खड्ड्यांतून नेताना हे फार होतं, कॅनोपीच्या, म्हणजे सेटवरच्या कव्हरच्या, पत्र्यातून वायर जिथे आत जाते तिथे बोट फिरवून बघा. अर्थिंग गंजलं तर या चालीत उलट होतं, असलेल्यापेक्षा जास्त डिझेल दिसतं. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी अशा खाडीकाठच्या जागी सेट उभा राहत असेल तर दर पावसाळ्यानंतर थिंबल (वायरच्या टोकाचं तांब्याचं टर्मिनल) उघडून पॉलिश पेपरनं घासून घ्या, खारी हवा तांब्याला सोडत नाही.

आणि घोडबंदरच्या डोंगराकडच्या लॉनवर सेट उतारावर उभा करता का? ट्रॉलीची टाकी लांब आणि उथळ असते. सव्वा मीटर लांब टाकी पाच अंशांनी कलली तर टोकाला पातळी मध्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर खाली जाते. टाकी २५ सेंटिमीटर खोल असेल तर हा थेट २० टक्क्यांचा फरक आहे. चाकाखाली फळ्या घालून सेट सपाट करा.

एक गोष्ट दिव्यांबद्दल. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमध्ये पाणी साठलं की काही सेटवर वेगळा दिवा लागतो, आणि नव्या मोठ्या सेटवर डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण) कमी झाल्याचा इशाराही असतो. माणसं या दोन्हींना डिझेलचा दिवा समजून कॅन घेऊन धावतात. तुमच्या पॅनलवर शब्द नीट वाचून खात्री करा.

फ्लोट बदलेपर्यंत लाकडी पट्टीवर भरवसा ठेवा. टाकी रिकामी असताना सपाट जागेवर दहा-दहा लिटर मोजून ओता आणि प्रत्येक वेळी पट्टीवर खूण करा. हिशेबही सोपा आहे. २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॉट, आणि एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानानं तीन युनिट निघतात. निम्म्या लोडवर तासाला सव्वातीन लिटर धरा, पाच तासांच्या लग्नाला सोळा-सतरा लिटर. आवर मीटरचा आकडा कार्यक्रमाआधी आणि नंतर वहीत लिहा. डिझेल ओतताना सेट बंदच हवा, तापलेल्या सायलेन्सरवर ते सांडू देऊ नका.

टाकी भरलेली असताना आणि अर्धी असताना फ्लोटवर किती ओहम आले, आणि पॅनलवर मॉडेलचं नाव काय छापलंय, एवढं इथे लिहा. कोणती चाल सेट करायची ते सांगतो.