शेजारच्या काकांचा पिवळा बोका आणि त्यांचं पत्र

प्रश्न : आमचा बंड्या तीन वर्षांचा बोका आहे. त्याचं खच्चीकरण केलेलं नाही आणि तो दिवसरात्र बाहेर भटकतो. शेजारच्या काकांचा एक पिवळा बोका आहे, शिवाय ते तीन-चार भटक्या मांजरांना अंगणात खायला घालतात. या सगळ्यांशी बंड्याची रोज जुंपते. मागच्या पंधरवड्यात पहाटे कुंपणाच्या भिंतीवर मोठी मारामारी झाली. बंड्याचं नाक फाटलं. पिवळ्याच्या शेपटीच्या मुळाशी गळू झालं आणि ते डॉक्टरांकडे नेऊन फोडावं लागलं. आता काकांचं पत्र आलंय की बिल भरा, नाहीतर पोलिसांत जातो. आम्हाला पैसे द्यावे लागतील का? आणि त्या पिवळ्याला पिंजऱ्यात धरून लांब कुठेतरी सोडून आलो तर?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही अजून पिंजरा आणला नसेल अशी मला आशा आहे. आणला असेल तर परत करून या. पिवळा बोका काकांच्या मालकीचा आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी तो त्यांची जंगम मालमत्ता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरी समजावण्यासाठी एक कुत्र्याचं उदाहरण दिलंय. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा पळवायच्या इराद्याने कुणी त्याला मागे यायला लावलं, तर कुत्रा मागे चालू लागला त्याच क्षणी चोरी झाली. स्वतःचा फायदाच हवा असं नाही, समोरच्याचं गैरवाजवी नुकसान करायचा हेतू असला तरी पुरतं. कुत्र्याच्या जागी बोका ठेवा आणि खिशाच्या जागी तुमचा पिंजरा.

भटक्या मांजरांचे मालक कुणी नाहीत म्हणून ती तरी उचलावीत, असंही नाही. उपाशी-तहानेली राहतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण सोडून देणं ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड फक्त 10 ते 50 रुपये आहे. पण त्या आकड्यावर जाऊ नका. बोक्याला हाकलताना दगड वर्मी लागून तो मेला किंवा लुळा झाला, तर न्याय संहितेचं कलम 325 पुढे येऊ शकतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत जनावराची किंमत बघितली जायची, ती अट आता गेली.

आता बिल. मांजरांच्या मारामारीचा खर्च कुणी द्यायचा हे सांगणारं कलम आपल्याकडे नाही. पोलिसांची धमकीही तशी पोकळ आहे. प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं कलम 291 माणसाच्या जिवाला किंवा माणसाला जबर दुखापत होण्याच्या धोक्याविषयी बोलतं, बोक्याच्या शेपटीविषयी नाही. (उद्या बंड्या काकांनाच चावला तर मात्र गोष्ट वेगळी. त्याची रेबीजची लस आणि तिचं कार्ड चालू ठेवा. भांडण सोडवायला कुणीही मध्ये हात घालू नये. दात किंवा नख लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.)

उरतो दिवाणी दावा. 1926 साली इंग्लंडमध्ये बकल विरुद्ध होम्स असा एक खटला झाला. एका मांजराने शेजाऱ्याची तेरा कबुतरं आणि दोन छोट्या जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. मांजर आपल्या स्वभावाप्रमाणे वागलं, त्यासाठी मालक जबाबदार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण अशा दाव्यांत इंग्लिश तत्त्वांचा आधार घेतला जातो. इथवर पारडं तुमच्या बाजूने आहे.

पण तुमच्याच प्रश्नातला एक तपशील मला खटकतो. बंड्याला लागलंय नाकावर, पिवळ्याला शेपटीच्या मुळाशी. जो बोका उभा राहून भिडतो त्याला तोंडावर आणि पुढच्या पायांवर लागतं, पळणाऱ्याला मागून. म्हणजे पिवळा पळत होता आणि तुमचा बंड्या त्याचा पाठलाग करत होता. हे डॉक्टरांच्या कागदावर असणारच, आणि हुशार वकील ते वाचणार. शिवाय काकांचं पत्र हातात पडल्यावर ‘बंड्या असं करतो हे माहीतच नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. माहीत असून काय केलंत, हा पुढचा प्रश्न असेल. भांडणं थांबवण्यासाठी जे कराल तोच तुमचा बचाव.

पहिलं काम म्हणजे खच्चीकरण. बोक्यांच्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा माजावर आलेली भाटी (मादी मांजर) आणि हद्द हेच असतं. शस्त्रक्रियेनंतर हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. तीन वर्षांची खोड पूर्ण जाईलच असं नाही, पण फरक पडतो. तोवर संध्याकाळी अंधार पडायच्या आत जेवणाच्या वेळेला त्याला घरात घ्या आणि सकाळ चांगली उजाडेपर्यंत दार उघडू नका. मारामाऱ्या बहुतेक अंधुक उजेडातच होतात. ज्या खिडकीतून पिवळा दिसतो तिच्या खालच्या काचेवर धूसर कागद लावा, नाहीतर बाहेरच्यावरचा राग बंड्या तुमच्या पायावर काढेल. बाहेर उरलेलं खाणं ठेवू नका. डॉक्टरांना त्याच्या रक्ताच्या तपासणीबद्दलही विचारा, कारण मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणू चाव्यातून पसरतो. माणसाला त्याचा धोका नाही. प्रत्येक पावती तारखेसह जपून ठेवा.

काकांनी खायला घालू नये असं तुम्ही म्हणू शकत नाही. पण 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतला नियम 20 अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची सोय कशी करावी याबद्दलच आहे. ताटल्या तुमच्या भिंतीपासून दूर न्या आणि त्या मांजरांचीही नसबंदी करू या, एवढी मागणी रास्त आहे. कॅमेरा लावणार असाल तर तो आपल्या भिंतीकडे वळवा, काकांच्या खिडकीकडे नको. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काहीही लिहू नका. अशिलांनी ग्रुपवर लिहिलेल्या वाक्यांनी माझी निम्मी मेहनत वाया जाते.

पत्राला उत्तर मात्र जरूर द्या, आठवड्याच्या आत आणि हाताने लिहून. खच्चीकरणाची तारीख, रात्री घरात ठेवणार असल्याचं आश्वासन आणि ताटल्यांची विनंती, एवढंच त्यात असू द्या. मला विचाराल तर निम्मं बिल देऊ करा, पण ‘आमच्या हक्कांना बाध न येता आणि जबाबदारी मान्य न करता’ हे शब्द घालून. काका तरीही अडून बसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच, अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि त्यावर अपील नसतं. ‘तुमच्याच बोक्याने सुरुवात केली’ हे वाक्य पत्रात येऊ देऊ नका. ते शेपटीवरचं गळू आठवा.