८ वर्षं जुन्या गाडीसाठी स्वस्त आणि भरवशाचं रोडसाइड असिस्टन्स कुठून घ्यावं?

गाडीच्या इन्शुरन्सचं रिन्युअल करताना त्यातच रोडसाइड असिस्टन्सचं (रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणारी मदत) अ‍ॅड-ऑन, म्हणजे थोडे जादा पैसे भरून मिळणारं कव्हर, घ्या, बहुतेकांना तेच सगळ्यात स्वस्त पडतं, वेगळी मेंबरशिप सहसा महाग जाते. मी दरवर्षी घरच्या दोन गाड्यांचं रिन्युअल स्वतः करतो आणि प्रत्येक वेळी पॉलिसी वर्डिंग पूर्ण वाचतो, कारण खरा फरक किमतीत नाही, अटींमध्ये असतो. पैसे भरायच्या आधी एवढं नक्की बघा:

- टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, आणि त्यापुढे दर काय
- वर्षातून किती वेळा बोलावता येतं
- तुमचं गाव किंवा घाटरस्ता कव्हरमध्ये येतो का (हे कस्टमर केअरला फोन करूनच विचारा, जाहिरातीत सगळीकडे सर्व्हिस असंच लिहिलेलं असतं)

बॅटरी जंपस्टार्ट, पंक्चर, पेट्रोल आणून देणं हे साधारण सगळ्यांकडे असतं, पण पेट्रोलचे आणि पार्टचे पैसे बहुतेक वेळा आपल्यालाच द्यावे लागतात, फुकट असतं ते सहसा फक्त येणं आणि मजुरी. एक मात्र आहे, तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी) असेल तर हे अ‍ॅड-ऑन बऱ्याच कंपन्या देत नाहीत, मग गाडीच्या कंपनीचा स्वतःचा प्लॅन विचारा, वॉरंटी संपलेल्या गाड्यांनाही काही कंपन्या देतात. आणि नॅशनल हायवेवर, म्हणजे पुणे-सातारा-कोल्हापूर वगैरे, बंद पडलात तर आधी १०३३ लावा, ती हायवे अथॉरिटीची २४ तास चालणारी हेल्पलाइन आहे.