‘९८ टक्के यश’ म्हणजे नक्की कशाचं?

मागून वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वडील ५८ वर्षांचे, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. खालची उजवी पहिली दाढ आठ महिन्यांपूर्वी काढली. तिच्या मागच्या दाढेला रूट कॅनॉल करून जुनी कॅप आहे, पुढची उपदाढ मात्र अगदी धडधाकट. एक डॉक्टर म्हणतात इम्प्लांट करा, म्हणजे हाडात टायटॅनियमचा खांब बसवून त्यावर कॅप, ‘९८ टक्के यश, आयुष्यभर बघायला नको’. दुसरे म्हणतात तीन दातांचा ब्रिज करा, म्हणजे पुढचा-मागचा दात तासून त्यांच्या कॅपांना मधला दात जोडायचा, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल. आणि तुम्ही विचारताय, संशोधन कुणाच्या बाजूने आहे?

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका डेंटल लॅबमध्ये २६ वर्षं कॅपा आणि ब्रिज केले. डॉक्टर माप पाठवायचे, आम्ही दात करून द्यायचो. काही वर्षांनी तोच पेशंट, तीच जागा, नवीन माप असं पुष्कळदा व्हायचं. का परत आलं हे कळावं म्हणून वाचायला लागलो आणि सवय लागली ती लागलीच.

सगळ्यात आधी टक्केवारी कशाची, ते विचारा. स्वीडनचे ब्रोनेमार्क या विषयाचे जनक. १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाला इतकी घट्ट धरली की काढता येईना, तिथून हे सगळं सुरू झालं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसावर प्रयोग केला. त्यांच्या गटाचा १५ वर्षांचा अहवाल १९८१ साली आला. त्यात खालच्या जबड्यातले ९१ टक्के इम्प्लांट टिकले, वरच्या जबड्यातले ८१ टक्के. पण त्याच अहवालात खालच्या जबड्यातले, इम्प्लांटवर उभे केलेले ब्रिज टिकल्याचा आकडा आहे १०० टक्के! कारण ती सगळी पूर्ण बोळकी झालेली माणसं होती, एका जबड्यात चार-सहा खांब होते, एखादा पडला तरी पूल उभा राहायचा. तुमच्या वडिलांच्या जागेत खांब एकच बसणार. तो गेला की सगळंच गेलं. म्हणून माहितीपत्रकातला आकडा इम्प्लांटचा, दाताचा की माणसांचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता थेट तुलना. सारख्या पेशंटांमध्ये चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना इम्प्लांट, अर्ध्यांना ब्रिज, असे अभ्यास या प्रश्नावर फारच कमी. त्यामुळे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून अंदाज बांधावा लागतो. २००७ साली प्येतुर्सन आणि सहकाऱ्यांनी तसा मोठा आढावा घेतला. पाच वर्षांनी नेहमीचे ब्रिज ९३.८ टक्के जागेवर, एका इम्प्लांटवरची कॅप ९४.५ टक्के. दहा वर्षांनी ८९.२ आणि ८९.४. म्हणजे बरोबरीतच. तिथेच एका बाजूने टेकू नसलेल्या, टांगलेल्या ब्रिजचा दहा वर्षांचा आकडा ८०.३ आहे. त्यामुळे ‘पुढच्या दाताला हात न लावता मागच्या दाढेवरच एक दात लटकवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्या रूट कॅनॉलवाल्या दाढेच्या भरवशावर मुळीच हो म्हणू नका.

‘जागेवर’ हा शब्द नीट वाचा. स्क्रू तीनदा ढिला झाला, सिरॅमिकचा टवका उडाला, हिरडीतून रक्त येतंय, तरी दात तोंडात आहे म्हणजे तो ‘टिकला’. त्याच आढाव्यात इम्प्लांटवरच्या ब्रिजच्या ३८.७ टक्के पेशंटांना पाच वर्षांत काही ना काही तक्रार आली, नैसर्गिक दातांवरच्या नेहमीच्या ब्रिजमध्ये १५.७ टक्क्यांना. बहुतेक तक्रारी किरकोळ असतात, पण ‘बघायला नको’ हे खोटं.

बहुतेक अभ्यास विद्यापीठांच्या दवाखान्यांतले, निवडक पेशंटांचे, दर सहा महिन्यांनी बोलावून तपासलेले. म्हणून मला स्वीडनचा डेर्क्स यांचा अभ्यास जास्त प्रामाणिक वाटतो. त्यांनी सरकारी विम्याच्या नोंदींतून पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, साधे गावोगावचे दवाखानेही त्यात आले. नऊ वर्षांनी जवळपास सहाशे जणांना तपासलं. १४.५ टक्के जणांना इम्प्लांटभोवती मध्यम ते तीव्र जंतुसंसर्ग होऊन हाड झिजलेलं सापडलं. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा आजार होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त. तुमच्या वडिलांची दाढ कशामुळे काढली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कीड लागून गेली असेल तर एक गोष्ट, हलायला लागून गेली असेल तर अगदी दुसरी. हे पहिल्या डॉक्टरांनी विचारलं का?

ब्रिजचा हिशेब वेगळा. त्यात नुकसान पहिल्याच दिवशी होतं. पूर्ण कॅपेसाठी दाताचा वरचा साठ-सत्तर टक्के भाग तासून काढतात. तुमच्या वडिलांची ती धडधाकट उपदाढ त्यात जाणार. हाँगकाँगच्या एका अभ्यासात, मुळात जिवंत नस असलेल्या ज्या दातांवर ब्रिज बसवले, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश दातांची नस पुढे मेली. हे मी स्वतःच्या तोंडात भोगलंय. १९९८ साली मीच माझ्या हाताने केलेला ब्रिज, मालकांनीसुद्धा नावाजलेला. २०११ मध्ये मागची दाढ ठणकायला लागली आणि डॉक्टरांनी माझ्याच सिरॅमिकला भोक पाडून रूट कॅनॉल केलं. तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि ड्रिलचा आवाज! ब्रिज अजून आहे, त्यामुळे कुठल्याही अभ्यासात मी ‘यशस्वी’ धरला जाईन.

मग माझं मत? वडिलांच्या बाबतीत मी इम्प्लांटकडे झुकेन, आणि कारण ९८ टक्के नाही. कारण ती अखंड उपदाढ, आणि मागची दाढ आधीच नाजूक. तिच्यावर पुलाचा भार टाकला आणि ती तडकली, तर एकाऐवजी दोन दात गेले. पण साखर आटोक्यात हवी, तंबाखू नको, हिरड्या आधी साफ हव्यात. दाढ काढल्यावर हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, म्हणून सीबीसीटी (जबड्याच्या हाडाचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन न बघता कुणी खर्च सांगत असेल तर उठून या. हाडं ठिसूळ झाल्याची किंवा कॅन्सरची इंजेक्शनं चालू असतील तर तेही आधी सांगा.

आणि काहीच न करणं हाही पर्याय असतो. नेदरलँड्सच्या कायसर यांनी १९८१ सालीच दाखवलं की मागच्या काही दाढा नसल्या तरी माणसं बरी चावतात. मात्र वरची दाढ खाली उतरतेय का, हे वर्षातून एकदा बघावं लागेल.

‘आजीवन वॉरंटी’चं कार्ड मिळेल. मागची बाजू वाचा. बहुतेक वेळा फक्त धातूचा तुकडा फुकट मिळतो, शस्त्रक्रिया आणि कॅप पुन्हा तुमच्याच खर्चाने.

मागच्या दाढेचा आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) इथे टाकलात, नाव झाकून, तर इथले दोन डॉक्टर सदस्य मुळाकडे नजर टाकतील. तिथे जुना संसर्ग दिसला तर वरचं अर्धं उत्तर मला बदलावं लागेल.