पहिल्या आंतरराष्ट्रीय फॉइल स्पर्धेला जाण्यापूर्वी

मानकापूरच्या क्रीडा संकुलात तुझा तलवारबाजीचा सराव चांगला चालला आहे, तेव्हा आता साहित्याकडे लक्ष दे, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तुझी पहिली परीक्षा शस्त्रतपासणीच्या टेबलावर होते. फॉइलचे, म्हणजे तुझ्या हलक्या तलवारीचे, स्प्रिंग असलेले टोक 500 ग्रॅमचे वजन उचलून धरते की नाही, हे रोज पाहा. टोकाचे दोन्ही बारीक स्क्रू घट्ट हवेत आणि पात्याच्या शेवटच्या 15 सेंटिमीटरवरील चिकटपट्टी कुठेही सुटलेली नसावी. नागपूरच्या उन्हाळ्यात घामातील क्षारांमुळे लामे जाकिटावर (वार विजेने नोंदवणाऱ्या, धातूच्या धाग्यांच्या जाकिटावर), विशेषतः काखेजवळ, काळपट डाग पडतात आणि तिथे विद्युतप्रवाह खंडित होतो, म्हणून सराव संपताच ते बॅगेत न कोंबता सावलीत वाळत घाल.

पूलमधील, म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीतील, लढत 5 गुणांची आणि 3 मिनिटांची असते. तिथे चाचपडायला वेळ नसतो. बाद फेरीतील 15 गुणांची लढत मात्र संयमाची आहे. हाँगकाँगच्या चेउंग का लाँगने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकची फॉइलची अंतिम लढत इटलीच्या फिलिप्पो माक्कीविरुद्ध 15-14 अशी जिंकली. ती पाहताना वार लागल्यावर पेटणाऱ्या दिव्यांकडे नव्हे, तर आक्रमणाचा हक्क कोणाकडे आहे (दोघांचेही वार लागले तर गुण त्यालाच मिळतो) याकडे लक्ष ठेव, आणि पंचांचा निर्णय ऐकण्याआधी स्वतःचा निर्णय मोठ्याने सांग. माझ्या मते फॉइल शिकण्याचा याहून चांगला गृहपाठ नाही. प्रवासात किमान दोन चालू फॉइल आणि दोन बॉडी वायर (फॉइल गुणनोंदणी यंत्रणेला जोडणाऱ्या, अंगावरच्या तारा) सोबत असू देत.